बांधापलीकडील पीक

(शास्त्रवाचन : निर्गम २२ : ५, ६, मत्तय १३ : २४ ते ३०)



मोशेच्या नियमशास्त्रात शेतकऱ्याकरिता एक लहानसा नियम घालून दिलेला आहे. उपदेशकांच्या मुखी तो क्वचितच येतो. कोणी आपल्या रानात अग्नी पेटविला, तो काट्याकुट्यांस लागून पसरला, आणि त्यामुळे दुसऱ्याच्या सुड्या किंवा उभे पीक जळून गेले, तर ज्याने अग्नी पेटविला त्याने भरपाई करून द्यावी, असा त्या नियमाचा आशय आहे. आता काटे जाळणे हे काही पाप नव्हे. उलट रान साफ राखणारा शेतकरी आपण उद्योगी म्हणून वाखाणतो. शिवाय अग्नी त्याने शेजाऱ्याच्या शेतात नेऊन टाकिला नाही. तो वाऱ्याने गेला. तथापि पेटविणाराच्या मनात काय होते हे या ठिकाणी विचारलेलेच नाही. ज्याच्या हातून अग्नी निघाला त्याच्याच दाराशी हिशेब आणून ठेविला आहे.

हा नियम आम्ही सेमिनरीत असता पाठ केला होता, आणि इतकी वर्षे तो केवळ जुन्या काळचा म्हणून बाजूस ठेविला होता. गतवर्षीच्या श्रावणात तो आम्हांस नव्याने वाचावा लागला.

आमच्या देखरेखीखालील मंडळ्यांपैकी एका गावी दोन ख्रिस्ती कुटुंबांची शेते एकमेकांस लागून आहेत. मध्ये एक बांध. बांधाच्या पश्चिमेस ज्वारी होती, पूर्वेस कपाशी. त्या साली आषाढात पावसाने उसंत दिली नाही. वाफसा येईना, म्हणून कोळपे चालेना. खुरपणीस बाया मिळेनात, आणि मिळाल्या तरी चिखलात खुरपे घालून उपयोग काय! ज्वारीत तांदुळजा, कुरडू, एकदांडी, दुधी यांनी रान व्यापून टाकिले. ज्वारीचा धनी आम्हांस वाटेत भेटला व म्हणाला, "पाळकसाहेब, दुकानदार म्हणतो की एक औषध आहे, ते तण मारते आणि ज्वारीला धक्का लावीत नाही. मारू का?" आम्ही त्यास म्हटले, "देवाने मनुष्यास बुद्धी दिली आहे ती याचसाठी. अवश्य मार." एवढेच आम्ही बोललो. वारा, कपाशी, बांध, यांपैकी एकही शब्द आमच्या तोंडून निघाला नाही, कारण आम्हांस स्वतःसच काही ठाऊक नव्हते. ज्या विषयाचे ज्ञान नाही त्या विषयात पाळकाने "अवश्य" म्हणू नये, हे आम्ही येथे आपल्यापुढे कबूल करितो.

त्याने दुपारच्या उन्हात फवारणी केली. आठवड्याच्या आत पलीकडील कपाशीचे शेंडे वाकले. नवी पाने निघाली ती कपाशीची वाटेनात; अरुंद, बोटांसारखी, भेंडीच्या पानासारखी चिरलेली. पाते गळू लागले. बांधालगतची दहा-बारा तासे तर पूर्णपणे बिघडली. कपाशीच्या धन्याने प्रथम रोग समजून आणखी दोन औषधे विकत आणून मारिली, व तो खर्चही पाण्यात गेला. मग कोणी जाणत्याने येऊन पाहिले आणि बांधाकडे बोट दाखविले. त्यानंतरच्या प्रभुभोजनास दोघेही मंदिरात आले. परंतु एकाने भाकर घेतली, व दुसरा खाली मान घालून बसून राहिला. विचारले असता तो म्हणाला, "माझ्या मनात राग आहे, मी कसा घेऊ?" आणि ज्याने भाकर घेतली होती तो म्हणाला, "माझे औषध पीक मारीत नाही. बाटलीवर छापले आहे."

बंधुजनहो, बाटलीवर छापले होते ते खोटे नव्हते, आणि तरीही कपाशी मेली. हे कसे, ते नीट समजून घेतल्याशिवाय या भांडणाचा न्याय होऊ शकत नाही. म्हणून थोडा वेळ धर्मोपदेश बाजूस ठेवून आपण शेतात जाऊ.

पीक राखून तण मारण्याची कल्पना फार जुनी नाही. फ्रान्स देशात द्राक्षवेलींच्या केवडा रोगावर मोरचूद व चुना यांचे मिश्रण फवारीत असत. आपल्या नाशिककडील बागाईतदारांस ते बोर्डो मिश्रण या नावाने परिचित आहे. १८९६ साली बोने नामक एका फ्रेंच गृहस्थाच्या ध्यानात आले की, हे मिश्रण जेथे सांडते तेथे मोहरीच्या जातीच्या पिवळ्या फुलांच्या तणाची पाने काळी पडतात. यावरून धान्याच्या शेतात मोरचुदाचे पाणी फवारून ते तण मारता येते, व धान्य राहते, असे दिसून आले. पुढे १९२८ साली हॉलंडमधील वेंट या शास्त्रज्ञाने वनस्पतीच्या कोवळ्या अंकुरात वाढ घडवून आणणारा एक रस असतो हे दाखविले. त्यास ऑक्झिन म्हणतात. वाढणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते नाव पडले आहे. दुसरे महायुद्ध चालू असता, १९४० साली, इंग्लंडात टेंपलमन यांस असे आढळले की, अशाच प्रकारचा कृत्रिम रस ओट धान्याच्या शेतात घातला असता मोहरीवर्गी तण मरते आणि ओट जवळजवळ जसेच्या तसे राहते. युद्धकारणास्तव तेथील शोध गुप्त ठेविला होता. तो १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास अमेरिकेत गवताच्या हिरवळीतील रुंद पानांची तणे अशाच एका द्रव्याने मारून दाखविण्यात आली. आज आपल्या दुकानांतून जे टू-फोर-डी या नावाने विकले जाते ते हेच द्रव्य होय.

आता ते मारते कसे, हे ऐकण्यासारखे आहे. ते झाडास जाळीत नाही, उपाशी ठेवीत नाही. ते झाडास वाढावयास लाविते. झाडाच्या अंगी जो वाढीचा रस मोजून-मापून असतो, त्याची आज्ञा क्षणोक्षणी बदलते. कोठे वाढावे, कोठे थांबावे, हे त्या आज्ञेने ठरते. हे औषध त्या रसाचे सोंग घेऊन आत शिरते व थांबण्याची आज्ञा कधीच देत नाही. मग देठ पिळवटतात, खोड सुजून फुटते, पाने वळतात, अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नळ्या दाटून जातात, आणि झाड आपल्याच अमर्याद वाढीने मरते. (धनवान मूर्खाचा दृष्टांत ज्यांस स्मरत असेल त्यांनी तो येथे स्मरावा, आम्हांस त्यावर आज बोलावयाचे नाही.)

गहू, ज्वारी, मका, ऊस ही सारी गवताच्या कुळातील. यांची पाने अरुंद व उभी, त्यांवरून थेंब घरंगळतो. वाढीचा कोंब पानांच्या पोंग्यात खोल दडलेला. आणि जे काही औषध आत जाते ते ही झाडे दूरवर वाहू देत नाहीत व लवकर मोडून टाकितात. रुंद पानाच्या झाडाचे तसे नाही; त्याचे पान तळहातासारखे पसरलेले, शेंडा उघडा. म्हणून एकच धार दोघांवर पडते. एक वाचते व एक मरते.

येथे आमचे मुख्य सांगणे आहे, आणि ते आम्ही सावकाश सांगू इच्छितो. या औषधास निवडक तणनाशक असे म्हणतात. परंतु ते काय निवडिते? ते तण आणि पीक यांची निवड करीत नाही. "तण" हा शब्द त्यास ठाऊकच नाही. रुंद पान आणि अरुंद पान, एवढीच निवड त्यास करिता येते. ज्वारीत तांदुळजा आहे, तोवर ही निवड आपल्या निवडीशी जुळते, व आपणांस वाटते की औषध शहाणे आहे. बांध ओलांडला की कपाशी रुंद पानाची आहे, तूर रुंद पानाची आहे, हरभरा, भुईमूग, द्राक्षवेल, टोमॅटो, सारी त्याच बाजूची. कपाशी व द्राक्षवेल तर या द्रव्यास इतकी नाजूक आहेत की, वाऱ्याबरोबर आलेला अंशही त्यांस पुरतो. औषध आपले काम दोन्हीकडे सारखेच प्रामाणिकपणे करिते. कोणते झाड कोणाचे, हे ओळखण्याचे काम ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याचे होते.

आणि दुसऱ्या बाजूनेही पाहा. प्रभूच्या दृष्टांतात शत्रूने गव्हामध्ये निदण पेरिले. पवित्र भूमीतील वनस्पती जाणणारे बहुतेक विद्वान सांगतात की ते निदण म्हणजे गव्हासारखे दिसणारे एक विषारी गवत होय. ओंबी बाहेर येईपर्यंत ते गव्हाहून निराळे ओळखू येत नाही. ते गवत आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे त्या घरधन्याच्या चाकरांनी आजच्या दुकानातून टू-फोर-डी आणून त्या शेतात फवारिले असते, तर चाकवत मेला असता, मोहरी मेली असती, आणि शत्रूने पेरिलेले निदण गव्हाच्या खांद्यास खांदा लावून उभे राहिले असते. पंजाब व हरियाणा प्रांतांत हीच गोष्ट गव्हासारख्याच दिसणाऱ्या गुल्ली-डंडा नामक गवताने करून दाखविली. त्यासाठी आयसोप्रोट्युरॉन नावाचे निराळे औषध वापरले, तर १९९० नंतरच्या काही वर्षांत त्या औषधासही न जुमानणारे गुल्ली-डंडा सर्वत्र दिसू लागले. दृष्टांतातील धनी चाकरांस थांबवितो ते आळसाने नव्हे. उपटताना गहूही उपटला जाईल, ही भीती त्याच्या मनात आहे. त्यास आपल्या चाकरांच्या नजरेचा भरवसा वाटत नाही.

आपल्या स्वतःच्या शेतातही बांधाइतकीच एक मर्यादा असते, ती आपणांस दिसत नाही. आमच्या त्या ज्वारीवाल्या बंधूच्या घरधनिणीने ज्वारीच्या कडेने तुरीची चार तासे, मध्ये मध्ये अंबाडी व चवळी पेरिली होती. आपल्या आया-आज्या हे नेहमी करीत आल्या. वर्षाची डाळ, पावसाळ्यातील भाजी, दोराला अंबाडीचा वाख, हे सर्व त्या कडेच्या तासांतून निघत असे. धन्याच्या हिशेबी शेतात ज्वारी होती, तण होते, तिसरे काही नव्हते. फवारणीनंतर ती बाई शेतात गेली तेव्हा तिची तूर पिळवटून पडली होती. ती कोणाकडे भरपाई मागणार? आणि ज्यांस आपण तण म्हणतो त्यांपैकी तांदुळजा, कुरडू, घोळ, रब्बीतील चाकवत व पाथरी यांवर कितीतरी गरीब घरांतील भाकरीचे तोंडीलावणे चालते. शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबांकरिता व परक्यांकरिता राहू द्यावा, असे लेवीयात सांगितले आहे. त्या सरव्यावरच रूथ व तिची सासू जगल्या. आपल्या गावच्या विधवेस खुरपणीची मजुरी मिळते व ओटीत भाजी मिळते. औषधाने दोन्ही एकाच सकाळी जातात. आम्ही हे म्हणतो म्हणून कोणी असे समजू नये की खुरपणी ही मोठी सुखाची गोष्ट आहे. दिवसभर चिखलात वाकून बसलेल्या बाईच्या कंबरेस विचारा. पाऊस उसंत देत नाही तेव्हा औषध हे खरोखर साह्य आहे. केवळ इतकेच की, जे वाचले त्याबरोबर जे गेले तेही वहीत मांडावे.

गायरानाविषयी एक शब्द. पावसाळ्यात तरोटा माजतो, गुरे त्यास तोंड लावीत नाहीत, आणि त्याखाली गवत कोंडते. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आता कोठे नाही असे गाव दाखविणे कठीण. फुलावर येण्यापूर्वी रुंद पानांवरील औषध मारिले, तर ही दोन्ही मरतात व गवत उरते, हे खरे. परंतु गवतात मिसळून वाढणाऱ्या, गुरांस अंग धरावयास लावणाऱ्या शेंगवर्गी वेलीही त्याच धारेखाली जातात. आणि गायरान अतिशय चरून उघडे पडले असेल, तर मेलेल्या तरोट्याच्या जागी पुन्हा तरोटाच येतो. अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडलेले व रिकामे सापडले, आणि तो आपल्याहून वाईट असे सात घेऊन परत आला, हे प्रभूने मनुष्याविषयी सांगितले आहे. शेताविषयीही ते अक्षरशः खरे आहे. विलायतेत धान्याच्या शेतांतून रुंद पानांची तणे गेली, तेव्हा रिकाम्या जागी जंगली ओट व दुसरी हट्टी गवते शिरली. हवाई बेटांत उसाच्या मळ्यांत केन्याच्याच जातीचे एक तण १९५७ साली टू-फोर-डीस दाद देईनासे झाले, म्हणजे औषध बाजारात येऊन पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती. म्हणून वर्षानुवर्षे एकच औषध मारू नये. पीक पालटावे, कोळपे अगदी टांगून ठेवू नये.

ही द्रव्ये मनुष्याच्या हाती कोठवर जाऊ शकतात, हेही विसरू नये. टू-फोर-डी व त्याचे भावंड टू-फोर-फाइव्ह-टी यांचे समभाग मिश्रण १९६२ ते १९७१ या काळात व्हिएतनाम देशाच्या अरण्यांवर व शेतांवर विमानांतून ओतले गेले. त्या भावंडात मिसळून आलेल्या डायॉक्सिन नामक भयंकर विषाची फळे तेथील लोक पुढे दीर्घकाळ भोगीत राहिले. आपण दुकानातून आणतो ते केवळ टू-फोर-डी असते, आणि त्यात ते भावंड नसते. दोहोंस एकच समजणे बरोबर नाही. परंतु त्यासही २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने कर्करोगास कदाचित कारण होऊ शकेल अशा द्रव्यांत घातले आहे. हातमोजे, तोंडास फडके, पूर्ण बाह्यांचा सदरा, पायांत बूट, फवारणी करताना तंबाखू नाही व पाणी नाही, इतके तरी प्रत्येकाने पाळावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने जे शेतकरी व मजूर मरण पावले ते कीटकनाशकांमुळे. तरी पाठीवरचा गळका पंप व उघडे अंग हे दोहोंकडे सारखेच असते.

आता त्या दोन कुटुंबांविषयी. आम्ही कृषिविभागाच्या एका जाणत्या अधिकाऱ्यास बोलावून आणिले, व दोघांसमक्ष त्यांनी सर्व विचारले. तेव्हा तीन गोष्टी निघाल्या. औषध एस्टर जातीचे होते. ते उन्हात वाफ होऊन उडते, आणि फवारणी संपल्यावरही हवेबरोबर चालत जाते. कपाशी शेजारी असेल तर त्या जातीस हातच लावू नये; सोडियम अथवा अमाइन क्षाराचे घ्यावे, ते उडत नाही म्हटले तरी चालेल. दुसरे, पंपास कीटकनाशकाची बारीक धुके करणारी तोटी होती. तणनाशकास पंख्यासारखी जाड थेंबांची तोटी लागते, आणि ती पिकाच्या डोक्यावर न धरता खाली धरावी लागते. तिसरे, वारा पश्चिमेचा होता, व तो धन्यास ठाऊक होता. टोपी उडत होती असे त्यानेच सांगितले. आणखी एक गोष्ट अधिकाऱ्यांनी बोलता बोलता सांगितली, ती आम्ही येथे मुद्दाम लिहितो, कारण तिने कितीतरी कपाशी विनाकारण मेली आहे : या औषधाचा पंप साध्या पाण्याने धुऊन निघत नाही. त्याच पंपाने पुढे कपाशीवर किडीचे औषध मारिले, तर आपल्याच हाताने आपली कपाशी मारिली जाते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पंप भरून रात्रभर ठेवावा व पुनःपुन्हा धुवावा. त्याहून चांगले म्हणजे तणनाशकास पंपच निराळा ठेवावा. तसेच पीक फार लहान असता किंवा पोटरीवर आले असता हे मारू नये. गव्हास पेरणीनंतर तीस-पस्तीस दिवसांचा काळ योग्य, नाहीतर कणीस वेडेवाकडे निघते.

अधिकारी गेल्यावर ज्वारीचा धनी बराच वेळ बोलला नाही. आम्ही निर्गमातील तो उतारा काढून त्याच्या हाती दिला. वाचून दाखविण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही, कारण "अवश्य मार" हे शब्द आमचेच होते. त्याने वाचला. मग म्हणाला, "पाळकसाहेब, यात बाटलीवर काय छापले होते ते लिहिलेले नाही." आम्ही म्हटले, "नाही. आणि पाळकाने काय सांगितले तेही लिहिलेले नाही. तरी भरपाईत आमचाही वाटा धर." तो त्यावर हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

मंडळीच्या दोन वडिलांनी कपाशीची बिघडलेली तासे मोजली, चांगल्या तासांचा उतारा काढून वेचणीच्या शेवटी हिशेब केला. त्याच बावीसाव्या अध्यायात, एकाच्या गुरांनी दुसऱ्याचे शेत चारले तर आपल्या शेतातील उत्तमातले द्यावे, असे आहे; म्हणून त्याने खळ्यावरची वरची, टपोरी ज्वारी दिली. सर्व रक्कम तीत भरली नाही. जे उरले ते यंदा द्यावयाचे ठरले आहे, व आमचा वाटा आम्ही रोख दिला. नाताळच्या प्रभुभोजनास दोघांनीही भाकर घेतली. ते पहिल्यासारखे बोलतात असे आम्ही म्हणणार नाही, पण बोलतात.

यंदाच्या मृगात ज्वारीच्या धन्याने बांधालगतची पंधरा तासे औषधावाचून ठेविली, आणि तेवढ्यास खुरपणी लाविली. घरधनिणीची तूर पुन्हा कडेस पेरिली आहे. आम्ही गेलो तेव्हा पाच बाया खुरपीत होत्या, व त्यांत कपाशीवाल्याची म्हातारी आई होती. संध्याकाळी ती बांधावरून घरी निघाली तेव्हा तिच्या ओटीत कोवळ्या कुरडूची भाजी होती, आणि त्यातली अर्धी तिने वाटेत थांबून तुरीवालीच्या हाती दिली.